महालातलं घर आणि सतरा सह्या

परवा अक्षय तृतीयेला जुन्या नागपुरातल्या, महाल भागातल्या घरी सगळे जमलो होतो. आमच्याकडे या दिवशी पितरांची घागर भरतात, आणि ती भरायची तर जुन्या घरातच, असं आजीपासून चालत आलेलं. माठावर खरबूज, पत्रावळीवर पुरणपोळी, चिंचवणी, कुरडया. नैवेद्य झाला, जेवणं झाली, सगळे ओसरीत येऊन टेकलो आणि चुलतभावानं खिशातून नोटीस काढली.

गेल्या पावसाळ्यात मागची भिंत पडली. रात्री पडली म्हणून कुणाला लागलं नाही. त्यानंतर महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस आली: धोकादायक भाग दुरुस्त करा किंवा उतरवा. नोटीस चुकीची नाही. भिंत खरंच पडलीय आणि उरलेली झुकलीय. प्रश्न इतकाच होता की दुरुस्त करायचं की पाडायचं, आणि आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या उताऱ्यावर, आज सतरा नावं आहेत. आजोबांची पाच मुलं, त्यांची मुलं, त्यातले तीन पुण्यात, एक ह्यूस्टनला, एका आत्याच्या सुना.

मला वाटलं होतं काका अडून बसतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, याच घरात जन्मले, कुठे दुसरीकडे राहिले नाहीत. ते म्हणाले, "पाडा. माझी पहिली सही घ्या."

मी बोलायला लागले. सागवानी खांब, माजघर, आजीचं देवघर, असं सगळं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, तू मनीषनगरात फ्लॅटमध्ये राहतेस. पावसाळ्यात एक रात्र इथे ये, अंगण ओलांडून संडासला जा. मग वाडा वाचवा म्हण."

त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. काकू गेल्यापासून एकटेच असतात. मांजरांची मारामारी झाली की छपरावरचे कवेलू (कौलं) सरकतात, आणि ते फेरायला आता माणूस मिळत नाही. एक म्हातारबुवा यायचे, तेही दोन वर्षांपासून येत नाहीत. छतावर कुठे ताडपत्री, कुठे पत्रा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण मी सणाला येते, चार तास बसते, फोटो काढते आणि निघते. जो रोज राहतो त्याचं मत आधी. हे मी त्या दिवशी मनापासून मान्य केलं, आणि तरीही माझं मत बदललेलं नाही. म्हणून ही पोस्ट.

जुन्या नागपूरबद्दल बोलताना आपण नेहमी बिल्डरला दोष देतो. आमच्या घराकडे बिल्डर आला होता, सहा-सात वर्षांपूर्वी. टेप काढून आधी गल्ली मोजली, घर नाही. सहा मीटरही भरली नाही. चहा घेतला, काकांना नमस्कार केला आणि गेला. नंतर कळलं की रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असला तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही, म्हणजे वरचे मजले मिळत नाहीत, म्हणजे मूळ मालकांना घरं देऊन विकायला काही उरत नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हेच गणित आहे. त्यामुळे धरमपेठ, शंकरनगर, रामदासपेठ इथले रुंद रस्त्यांवरचे बंगले पाडले जातात आणि महाल, इतवारी, हंसापुरीतली घरं नुसती पडतात. एकाच शहरात दोन वेगळे मरणाचे प्रकार आहेत आणि आपण दोन्हीला पुनर्विकास म्हणतो.

आमचं घर कुणी पाडायला आलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला या अवस्थेला आणलं. कसं ते सांगते, कारण जुन्या घरांत राहणाऱ्या बऱ्याच जणांनी हीच चूक केलेली असणार.

भिंती विटा, माती आणि चुन्याच्या. दोन हात जाड. १९९० च्या आसपास बाबांनी आणि काकांनी हौसेनं बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. तेव्हा तेच आधुनिक वाटायचं. चुना आणि माती ओल घेतात आणि उन्हाळ्यात ती सोडून देतात. सिमेंट सोडू देत नाही. पाणी आत शिरायचं थांबलं नाही, फक्त बाहेर पडायचं थांबलं. पाच-सात वर्षांत भिंतीला घाम येऊ लागला, मग पोपडे, मग प्लास्टरचे चादरीएवढे तुकडे विटांचा वरचा थर घेऊनच खाली. ओल लाकडात गेली, तिथून वाळवी. परवा मी मागच्या खांबाच्या तळखड्याजवळ बसून बोट लावून पाहिलं. दगड शाबूत, आणि त्याच्यावरचं वीतभर सागवान भुसा झालेलं. त्याच्या वर मात्र लाकूड असं टणक की किल्लीनं ओरखडा उठेना. म्हणजे आठ फुटी खांबातला फक्त तळाचा वीतभर भाग गेलाय. जाणकार सुतार तेवढाच कापून नवा जोड देतो. आम्ही मात्र अख्खं घर उतरवायला निघालोय.

दुसरी गोष्ट रस्त्याची. माझ्या लहानपणी ओट्यावर चढायला पाच पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवर बसून आम्ही काचेच्या गोळ्या खेळायचो. डांबरावर डांबर चढलं, मग सिमेंटचा रस्ता झाला, आणि आता दीड पायरी उरलीय. ज्यांची घरं आधीच ठेंगणी होती ते आज रस्त्यावरून खाली उतरून घरात जातात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री आमच्या ओसरीत पहिल्यांदा पाणी आलं. त्याआधी कधीच आलं नव्हतं, काका छातीवर हात ठेवून सांगतात. जुना रस्ता खरवडून काढून त्याच पातळीवर नवा करायचा, एवढी साधी गोष्ट पाळली असती तर या शहरातली किती जोती कोरडी राहिली असती!

आणि तिसरे आमचे शिंपीकाका. ओट्यावरचं दुकान त्यांच्या वडिलांनी भाड्यानं घेतलं, तेव्हा इकडे १९४९ चा सी.पी. अँड बेरारचा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. २००० साली राज्याचा नवा कायदा आला, त्यात भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं. तेव्हा साठ रुपये होतं. चार टक्क्यांनी वाढवत नेलं तर आज पावणेदोनशेही भरत नाही. एवढ्यात एक पोतं चुनासुद्धा यायचा नाही, हे मालक म्हणून आमचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पण शिंपीकाकांनी परवा मला काय विचारलं ते ऐका. "ताई, घर पाडलं तं माझं काय?" कायद्यानं भाडेकरूला नव्या इमारतीत परत यायचा हक्क आहे. पण नवी इमारत उभीच झाली नाही तर? आमच्या गल्लीत अशा दोन मोकळ्या जागा आहेत. एक आठ वर्षांपासून, एक त्याहून जास्त. पाडायला सगळ्यांच्या सह्या झाल्या, बांधायला झाल्या नाहीत. आता तिथे बोरीबाभळी, कचरा आणि दुचाकी. तिथला लाँड्रीवाला कुठे गेला, कुणालाच माहीत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती या मोकळ्या जागेची वाटते. पाडलं की प्रश्न सुटतो असं सगळे समजतात. सतरा जणांचं घर पाडल्यावर सतरा जणांचा प्लॉट उरतो, आणि भांडण तेच.

मोठ्या रस्त्यावरच्या लोकांचं तरी बरं चाललंय असं समजू नका. माझ्या एका मैत्रिणीचा धरमपेठेतला बंगला होता. पुढे कडुनिंब, मागे विहीर. तिन्ही भावंडांनी मिळून एका बिल्डरला दिला. दोन वर्षांत ताबा म्हणाला होता. आता पाचवं वर्ष आहे, स्लॅब तिसऱ्या मजल्यावर थांबलाय आणि भाड्याचे चेक दीड वर्षापासून बंद आहेत. तिची आई भाड्याच्या घरातच गेली. शेवटच्या महिन्यांत रोज विचारायची, विहिरीवर जाळी टाकली का गं? विहीर केव्हाच बुजवली होती. मैत्रीण रोज हो म्हणायची.

काही जणांचं चांगलंही झालंय, हे सांगायला हवं. लक्ष्मीनगरात माझे सासरचे नातेवाईक नव्या इमारतीत गेले, लिफ्ट आहे, व्हीलचेअर आत जाते, ते सुखी आहेत. मी त्यांच्या आनंदात खोट काढणार नाही.

पण मग या शहरात जुनं वाचतं तरी कुठे? उच्च न्यायालयाची १९४० ची इमारत डौलात उभी आहे. रेल्वे स्टेशनची १९२५ ची इमारत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ५९० कोटींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, त्यातही जुनी दगडी वास्तू राखायचं ठरलंय, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. सरकारी असेल, एकाच मालकाची असेल आणि दगडाची असेल तर इमारत वाचते. एम्प्रेस मिल सव्वाशे वर्षं चालली, १८७७ ते २००२. आजोबांच्या वेळी अर्धा महाल तिच्या भोंग्यावर घड्याळ लावायचा. तिच्या जागी आज मॉल आहे. आणि विटामातीच्या, वाटण्या झालेल्या, भाडेकरू असलेल्या घरांना तर कुणी इमारत म्हणूनही मोजत नाही. हेरिटेजच्या श्रेण्या आहेत, हेरिटेज टीडीआर आहे, पण ते यादीतल्या वास्तूंसाठी. आमच्यासारखं घर कुठल्या यादीत नसतं. त्याला फक्त नोटीस असते.

खरं तर जुनं नागपूर म्हणजे हीच घरं. बख्त बुलंद शाहानं वसवलेलं, भोसल्यांनी वाढवलेलं शहर गांधी गेट किंवा राजवाड्यापुरतं नव्हतं. इतवारीत माझ्या मावशीच्या घराला रस्त्यावर लाकडी गॅलरी होती. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, तिथे चाळीस-चाळीस माणसं उभी राहायची, मावसा खालून ओरडायचे की गॅलरी पडेल रे, आणि ती कधी पडली नाही. काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, पिवळी १८८५ पासून. ती समोर आली की पायाखालच्या फळ्या थरथरायच्या, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीनं अंगावर काटा यायचा. त्या घराच्या जागी आता काचेची दुकानं आहेत. मारबत अजून त्याच रस्त्यानं जाते. वरून बघायला कुणी नसतं, वर एसीचे डबे आहेत.

आणि उन्हाचं काय? २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. त्या आठवड्यात आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटच्या भिंतींना रात्री अकरालाही हात लावून बघवत नव्हता. आम्ही मुलांना घेऊन महालात आलो आणि माजघरात साध्या पंख्याखाली झोपलो. परवाही बाहेर लाही फुटत होती आणि ओसरीत कूलर बंद होता. या शहराच्या उन्हावर उत्तर म्हणून दोन हात जाडीची भिंत आपल्याच लोकांनी शोधली होती. ती आपण मलब्यात देतोय.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक वाडा जपा, असं मी म्हणत नाही. पण पाडण्याइतकीच दुरुस्तीची वाटही सोपी करा. बँक दुरुस्तीला कर्ज देत नाही, कारण सतरा नावं. राहत्या वारसाला त्याच्या वाट्यापुरतं का होईना, दुरुस्तीसाठी कर्ज मिळायला हवं. नोटिशीसोबत चुन्याचं, लाकडाचं काम जाणणारा अभियंता येऊन सांगू दे की नेमका कुठला भाग गेलाय. गवंडीकामाच्या शाळेत चुना शिकवू दे. आणि गल्लीतल्या घरमालकांना एकत्र बसवून संडास, पाणी, निचरा यांची सोय करता आली तर माझ्या काकांसारखी माणसं पाडा म्हणणार नाहीत.

परवा शेवटी मी काकांना म्हटलं, संडास-बाथरूम तुमच्या खोलीला लागून करून दिलं तर? ते बराच वेळ खांबाकडे बघत बसले. मग म्हणाले, "पावसाळ्याच्या आत होईल का?"

म्हणून सह्या सध्या थांबवल्यात. सतरापैकी नऊ जण पैसे द्यायला तयार आहेत, ह्यूस्टनचा भाऊ सगळ्यात आधी हो म्हणाला. झुकलेली भिंत विटा जपून उतरवायची, चुन्यात पुन्हा बांधायची, चार खांबांना तळाशी जोड, पुढचं सिमेंट खरवडून काढायचं आणि काकांच्या खोलीला लागून संडास. शिंपीकाकांचं दुकान जिथे आहे तिथेच.

चुन्यात काम करणारा गवंडी आणि जुन्या सागवानाला जोड देणारा सुतार कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवा. नागपूरचा नसला, अमरावती, वर्धा, भंडाऱ्याकडचा असला तरी चालेल, राहायची सोय आमच्याकडेच करू. कुणाकडे जुने कवेलू काढून ठेवले असतील तर तेही हवेत, साधारण चारशे. मृग लागायला महिन्याभराहून जास्त वेळ उरलेला नाही.