वीरकथांनी भारून जावे कसे?

पहिली सूचना : महाभारत वाचायला घेऊ नका. पर्वं अठरा, आणि त्यात शांतिपर्व लागतं. तिथे शरपंजरी पडलेले भीष्म राजधर्मापासून मोक्षापर्यंत बोलत राहतात आणि भले भले वाचक धारातीर्थी पडतात. तुम्हाला भारून जायचंय ना? मग मालिका पाहिलीत तेवढी पुरे.

आता बाजू निवडा. कर्णाचीच निवडा. त्याचं नाव निघताच ज्याचा कंठ दाटत नाही तो मराठी वाचक कसला! फक्त थोडं पथ्य पाळावं लागेल. घोषयात्रेत गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेलं, तेव्हा त्याचा हा जिवलग मित्र आधीच रण सोडून गेला होता आणि सोडवायला आले ते पांडव. हे वनपर्वात आहे. वनपर्व उघडू नका. (कवचकुंडलंही तिथलीच, पण तेवढी ऐकीव चालतील.) विराटाच्या गाई पळवायला गेलेल्या कौरवांना बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनाने एकट्याने पिटाळलं, त्यात कर्णही होता, म्हणून विराटपर्व वर्ज्य. द्रौपदीची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला कुणी सांगितलं, हे ज्यात आहे ते सभापर्व तर माळ्यावरच टाका. उरलं काय? रुतलेलं चाक. एका माणसाला रडायला तेवढं रग्गड झालं.

कुणी आगाऊ सांगेल की पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी वर्षं घालवून, हजारावर हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, आणि ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य मूळ संहितेतून तळटीपेत गेलं. अशा माणसाला ‘तुमचा श्रद्धेवर विश्वासच नाही’ म्हणावं. अर्थ लागत नाही, पण तो गप्प बसतो.

मग ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब, हे ठासून सांगा. आवाज चढा ठेवा. अक्षौहिणीत २१,८७० हत्ती, म्हणजे अठरा अक्षौहिणींचे ३,९३,६६०. हे आकडे छाती फुगवून सांगायचे असतात. एवढ्यांना रोजची वैरण कोण घालत होतं, असं विचारणाऱ्याला पुन्हा घरी बोलावू नका.

आणि दुर्योधन पडला की पुस्तक मिटा. पुढे सौप्तिकपर्वात झोपलेल्यांची कत्तल आहे, स्त्रीपर्वात प्रेतांमधून फिरणारी गांधारी आहे. त्यावर फेटा बांधून व्याख्यान देता येत नाही. मौसलपर्व तर मुलांच्या कानावरही पडू देऊ नका. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला तिथे लाठ्या घेतलेले आभीर लुटतात. गांडीव कसंबसं चढतं, अस्त्रं आठवत नाहीत, बाण संपतात आणि बायका त्याच्या डोळ्यांदेखत नेल्या जातात. इतका पराक्रमी नायक हाताशी असून व्यासांना कुठे थांबावं तेच कळलं नाही.