लाखाचं बक्षीस लावलं म्हणून रेस मोठी होत नसते

आठवडाभर सायकलवाल्यांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला पाच जणांनी पाठवला. म्हणणं असं की सोलापूरला तसेही डोंगर नाहीत, त्यामुळं एमटीबी म्हणजे माउंटन बाइकची रेस चालवायची तर पहिल्याला लाखाचं बक्षीस लावा, रायडर आपोआप येतील. नुसतं मेडल देणारे आयोजक एंट्री फी खातात. मुली चारच येतात, त्यांना समान बक्षीस कशाला. आणि गावकऱ्यांना मध्ये घ्यायची काही गरज नाही.

डोंगराचं आधी सांगतो, ते सोपंय. ऑलिंपिकच्या एमटीबी क्रॉस कंट्रीला ४ ते ६ किलोमीटरचा लूप, म्हणजे फिरून परत येणारा ट्रॅक लागतो, हिमालय लागत नाही. २०२४ ला पॅरिसची रेस झाली ती एलाँकूरच्या टेकडीवर, उंची २३१ मीटर, तीपण जुन्या खाणीच्या जागी भराव टाकून झालेली. आपल्याकडं दगडखाणी काय कमी आहेत का? आणि खरा चढ पाहिजे तर तुळजापूरचा घाट ४०-४५ किलोमीटरवर आहे की.

आता फी. समजा ६० रायडर आले, ५०० रुपये फी, झाले ३० हजार. त्यात दिवसभर ॲम्ब्युलन्स, टायमिंग, बिब नंबर, पाणी, केळी, नाश्ता, मंडप एवढं सगळं बसवून दाखवा. हिशोब मागायचा हक्क प्रत्येक रायडरला आहे आणि आयोजकानं तो ग्रुपवर टाकलाच पाहिजे, पण हिशोब न बघताच खाल्ले म्हणणं बरोबर नाही.

बक्षिसाचं मात्र थोडं थांबून बोलायला पाहिजे. पैसा लागतोच. ज्या पोरानं घरी भांडून ३० हजाराची सायकल घेतलीय त्याला ५ हजार म्हणजे टायर आणि चेन सुटतात, त्यामुळं बक्षीस बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण लाख रुपये एकट्याला दिले तर बाहेरून तिघंचौघं तयारीचे रायडर येतात, पाकीट घेतात, दुपारी गाडीला सायकल बांधून जातात, आणि आपली १६-१७ वर्षांची पोरं विसाव्या नंबरवर येऊन रिकाम्या हातानं घरी, पुढच्या वर्षी त्यातली निम्मी दिसत नाहीत. तोच लाख दहाव्या नंबरापर्यंत वाटा, ज्युनियरला वेगळा ठेवा, कुणाला हेल्मेट द्या, कुणाला टायरचं पंक्चर बुजवणारं सीलंट आणि ब्रेक पॅड द्या.

मुलींबद्दल एवढंच, यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, वर्ल्ड चॅम्पियनशिपला २०१३ पासून समान बक्षीस केलंय. चारच येतात म्हणून कमी द्यायचं, आणि कमी देतो म्हणून चारच येतात, हे किती वर्षं चालवायचं?

आणि गावकऱ्यांची गरज नाही हे ज्यानं लिहिलं तो बहुतेक कधी रेसला उभाच राहिला नसेल. मागच्या हिवाळ्यात हिप्परग्याच्या बाजूला आम्ही छोटी रेस ठेवली होती, एका वळणावर वाट दाखवणारा मार्शल आलाच नाही आणि पुढचे रायडर सरळ विहिरीच्या वाटेला लागले. तिथं कांद्यात खुरपत बसलेल्या एक मावशी उठल्या, पुढच्यांना हाका मारून परत फिरवलं, डोक्याचा लाल टॉवेल सोडून बाभळीला बांधला आणि शेवटचा रायडर जाईपर्यंत हातात खुरपं घेऊन तिथंच उभ्या राहिल्या, येईल त्याला "हिकडनं रे बाळा, हिकडनं". माझ्या सायकलचा हँगर, म्हणजे मागचा गिअर धरणारा तुकडा, त्याच लूपमध्ये तुटला, तर त्यांच्या पोरानं सायकल खांद्यावर घेऊन बांधावरून रस्त्यापर्यंत आणून दिली, वर घरून भाकरी आणि शेंगाची चटणी. ट्रॅक जातो तो त्यांच्या बांधावरनं, त्यांनी नाही म्हटलं तर लाखाचं पाकीट घेऊन रेस कुठं घेणार? यंदा त्या वस्तीवरची दोन पोरं ज्युनियरला उतरणारेत, फी आम्ही सगळ्यांनी मिळून भरलीय.

रविवारी पहाटे सहाला ट्रॅकवरचे बाभळीचे काटे काढायला जातोय. येणाऱ्यांनी खराटा आणि जाड चप्पल आणा, चहा मावशींकडं आहे.