‘प्रेमाची हिशेबवही केलीत’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. जॉर्जियन इंग्लंडमधल्या, म्हणजे साधारण अठराव्या शतकातल्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या, श्रीमंत मुलींनी पळून जाऊन केलेल्या लग्नांवरच्या लेखात मी प्रेमाची हिशेबवही करून टाकली, अशी तुमची तक्रार. ‘पैसा त्यांचाच होता, मग भीती कशाची?’ असंही तुम्ही विचारलंत. पैसा त्यांचा नव्हताच, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचं धाडस कळत नाही.

लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, रोखे नवऱ्याचे होत. जमीन तिच्या नावावर राहिली तरी खंड तोच घेई. यावर उपाय म्हणजे लग्नाआधीचा करारनामा. वधूपित्याचे वकील ठरावीक रक्कम विश्वस्तांच्या हाती बांधून ठेवत. दरसाल हातखर्चाला किती, वैधव्यात वर्षाला किती, धाकट्या मुलांना काय, सगळं त्यात येई. माहेरून हजार पौंड आले तर विधवेला वर्षाला साधारण शंभर, असा ढोबळ हिशेब असे. पळून गेलेल्या मुलीजवळ सहसा हा कागदच नसे, आणि मागाहून करायचा तर नवऱ्याच्या मर्जीवर.

पळायचं ते स्कॉटलंडलाच का, हेही यातच आलं. 1753 च्या हार्डविक कायद्यानुसार 21 वर्षांखालच्या मुलीचं पालकांच्या संमतीवाचून, चर्चच्या परवान्यावर, पुकारा न करता झालेलं लग्न रद्दबातल ठरे. दुसरा मार्ग चर्चमध्ये तीन रविवार लग्नाचा जाहीर पुकारा करण्याचा. पण त्यात वडील उभे राहून हरकत घेऊ शकत, आणि बड्या घरचं नाव पुकारलं की बातमी घरी पोचायचीच. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. साक्षीदारांसमोर दोघांनी कबुली दिली की लग्न झालं. म्हणून सरहद्दीलगतचं ग्रेटना ग्रीन हे गाव. पुढे 1856 च्या कायद्याने दोघांपैकी एकाने तरी आधी 21 दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असावं अशी अट घातली, आणि घाईघाईची लग्नं आटोक्यात आली.

‘लग्न कायदेशीर असेल तर बाप काय करणार?’ मृत्युपत्र! बँकर रॉबर्ट चाइल्डची एकुलती एक मुलगी सारा अ‍ॅन 1782 च्या मे महिन्यात, सतराव्या वर्षी, वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर, म्हणजे एका उमरावाबरोबर, ग्रेटनाला पळून गेली. बाप जुलैत वारला, पण त्याआधी त्याने संपत्ती अशी वळवली की अर्लचा वारस असलेल्या थोरल्या नातवाला ती मिळू नये. ती गेली नात सारा सोफियाकडे. हीच पुढची लेडी जर्सी, आजोबांच्या बँकेची मुख्य भागीदार आणि ऑलमॅक्स या लंडनच्या बड्या लोकांच्या नृत्यसभागृहात कोणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्यांपैकी एक. तिची मुलगी अ‍ॅडेला 1845 मध्ये एका कॅप्टनबरोबर ग्रेटनालाच पळाली. तीन पिढ्यांत दोन पलायनं. प्रेमाला मी कमी लेखलेलं नाही.

कोर्ट स्त्रीला न्याय देई, हे तुमचं म्हणणं मात्र अजिबात मान्य नाही. व्यभिचाराच्या भरपाईचा दावा नवरा प्रियकरावर लावी. बायको त्यात पक्षकारच नसे, साक्षही देऊ शकत नसे. सर रिचर्ड वर्स्लीने 1782 मध्ये पत्नीचा प्रियकर कॅप्टन बिसेट याच्याकडे 20,000 पौंड मागितले. पण मेडस्टोनच्या स्नानगृहात पत्नीला विवस्त्र पाहता यावं म्हणून त्यानेच बिसेटला खांद्यावर उचललं होतं, हे बाहेर आलं आणि ज्यूरीने हातावर एक शिलिंग टेकवला. नवऱ्याची संमती सिद्ध व्हावी म्हणून लेडी वर्स्लीच्या आधीच्या प्रियकरांना कोर्टात उभं केलं गेलं. घटस्फोट मिळाला नाही, फक्त विभक्ती. म्हणजे दुसरं लग्न नाही, पैसाही नाही. 1805 मध्ये नवरा वारला, तेव्हा सुमारे 70,000 पौंड तिच्याकडे परत आले. महिन्याभराने तिने आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं.