‘सातबारा बघून इतिहास लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर भलतंच काही लिहून बसले असते, म्हणून सकाळचा चहा होईपर्यंत थांबले. राग अजून पुरता गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवर मी लेख लिहिला होता. ती इस्टेट सावत्र भावाकडून त्याच्याकडे कशी आली, लग्नामुळे त्याच्या मालमत्तेत किती भर पडली आणि व्हर्जिनियातले हे पुढारी एकमेकांचे सोयरे कसे होते, असा त्याचा विषय. त्यावर तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. एक, १७५४ साली माउंट व्हर्नन वॉशिंग्टनच्या मालकीचं झालं हे चूक. दोन, दुसरा अध्यक्ष जॉन अॅडम्स याच्याकडे असले मळेही नव्हते आणि गुलामही नव्हते, मग ‘अमेरिकेचे संस्थापक’ असं सरसकट का म्हणायचं? तीन, वॉशिंग्टनने मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केलं, ते मी एका ओळीत उरकलं. आणि चौथी गोष्ट तुमच्याच शब्दांत: ‘सातबारा बघून इतिहास लिहिता येत नाही ताई, या नुसत्या सोयरिकीच्या उखाळ्यापाखाळ्या आहेत.’

पहिली गोष्ट मान्य. भाऊ लॉरेन्स १७५२ साली गेला, १७५४ मध्ये त्याची लहान मुलगीही गेली, आणि जागेचा हयातीपुरता हक्क त्याच्या विधवेकडे, अॅनकडे राहिला. जॉर्जने तिच्याकडून ती जागा वर्षाला १५,००० पौंड तंबाखूच्या बोलीवर भाडेपट्ट्याने घेतली. अॅन १७६१ साली वारली तेव्हा तो मालक झाला. भाडेपट्टा आणि मालकी यांत मी घोटाळा करायला नको होता. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

आता ते चौथं वाक्य. त्यातल्या ‘ताई’पासूनच सुरुवात करते. मला गावात सगळे ताईच म्हणतात, त्याचं काही नाही. पण तुमच्या वाक्यात तो शब्द मान द्यायला आलेला नाही, गप्प बसवायला आला आहे. हाच लेख एखाद्या गृहस्थांनी लिहिला असता तर तुम्ही ‘दादा’ म्हणून त्यांची शिकवणी घेतली असती का? मनाशी विचारून बघा.

आणि सातबारा. चोवीस वर्षं मी दस्त लिहिते आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र. समोरच्या बाकावर भाऊ-बहीण शेजारी बसतात आणि अंगठा उमटेपर्यंत एकमेकांकडे बघत नाहीत, हे मी आठवड्यातून दोनदा पाहते. त्यामुळे जमिनीचा कागद म्हणजे कोरडा कागद, असं मला कुणी सांगू नये.

माझ्या आजीला वाटणीत विहिरीकडची खोली आणि दोन आंब्यांचं उत्पन्न मिळालं होतं, ‘तहहयात’. तो शब्द मी आठवीत असताना पहिल्यांदा वाचला. म्हणजे ती खोलीत राहू शकत होती, आंबे विकू शकत होती. पण खोली विकू शकत नव्हती, झाडाची फांदीसुद्धा कुणाला देऊ शकत नव्हती. ती गेली आणि चौदाव्या दिवशी चुलत्यांनी खोलीला कुलूप लावलं. आत तिची पितळी डबी राहिली होती. ती मागायलाही माझी आई गेली नाही. तहहयात म्हणजे काय, ते मला त्या कुलपाने शिकवलं.

हाच शब्द मला वॉशिंग्टनच्या कागदांत भेटला, आणि म्हणून मी तो लेख लिहिला. वॉशिंग्टनची बायको मार्था, तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ साली मृत्युपत्र न करताच वारला. मागे राहिली साडेसतरा हजार एकर जमीन आणि सुमारे ३०० गुलाम माणसं. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर व्हर्जिनियाचा कायदा लागू झाला: विधवेला एक तृतीयांश हिस्सा, तोही हयातीपुरता, आणि बाकी मुलांना. जानेवारी १७५९ मध्ये मार्थाने वॉशिंग्टनशी लग्न केलं. तिच्या हिश्श्यातली ८४ माणसं त्याच्या ताब्यात आली. त्यांच्याकडून काम करून घ्यायचा हक्क त्याला होता, विकायचा नव्हता आणि मुक्त करायचाही नव्हता. मार्थाच्या पश्चात ती कस्टिसांच्या वारसांकडे जायची होती. त्या बायकांना जी मुलं होतील तीही त्यांच्याबरोबर. १७९९ पर्यंत या हिश्श्याची १५३ माणसं झाली होती.

माझ्या आजीचं निदान झाड होतं. इथे माणसं होती.

१७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने स्वतः केलेली यादी मी छापून घेतली आहे, ती टेबलावर आत्ताही आहे. कोण कुठल्या शेतावर, काय काम, वय किती, नवरा किंवा बायको कोण. आणि दोन रकाने: एक त्याच्या स्वतःच्या मालकीचा, दुसरा ‘डॉवर’चा, म्हणजे मार्थाच्या हिश्श्याचा. नवरा एका रकान्यात आणि बायको दुसऱ्यात, अशी जोडपी त्या पानांवर जागोजाग आहेत. मूल आईच्या रकान्यात. हे वाचल्यावर मला रात्री जेवण गेलं नाही. तुम्ही याला उखाळ्यापाखाळ्या म्हणता.

त्याच जुलै महिन्यात त्याने मृत्युपत्र केलं. वकिलाचा सल्ला न घेता, सगळं स्वतःच्या हाताने, एक पान सोडून प्रत्येक पानावर सही. दस्त लिहिणारी म्हणून सांगते, असं मृत्युपत्र क्वचित बघायला मिळतं. त्यात त्याने लिहिलंय की स्वतःच्या मालकीच्या माणसांना मार्थाच्या पश्चात मुक्त करावं, आणि डॉवरच्या माणसांना मुक्त करणं त्या हक्काच्या स्वरूपामुळे आपल्या हातात नाही. मार्थाने आपल्या मरणापर्यंत थांबायचं ठरवलं नाही. १ जानेवारी १८०१ पासून त्याची १२३ माणसं मुक्त झाली. डॉवरच्या १५३ जणांची ती १८०२ साली गेल्यावर तिच्या चार नातवंडांत वाटणी झाली. माणसांची वाटणी! ४५ वर्षं आधी एका माणसाने मृत्युपत्र केलं नव्हतं, त्याचा परिणाम इथवर आला.

ओना जज याच हिश्श्यातली. मार्थाची खास दासी. ती आपल्याला मार्थाच्या नातीला लग्नाच्या भेटीत देणार, हे कळल्यावर १७९६ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियातल्या अध्यक्षांच्या घरातून, मंडळी जेवायला बसलेली असताना, ती निघून गेली. न्यू हॅम्पशायरला पोचली, वॉशिंग्टनने माणसं पाठवूनही परत आली नाही. १८४८ साली वारली तेव्हाही कागदोपत्री ती कस्टिस वारसांचीच मालमत्ता होती. हिचा इतिहास वारसाहक्काचे कागद न बघता लिहून दाखवा.

सोयरिकीचं म्हणाल तर, सोळाव्या-सतराव्या वर्षी वॉशिंग्टनला जमीन मोजणीचं काम मिळालं ते लॉर्ड फेअरफॅक्सच्या जमिनींवर. त्याच्या भावाचं सासर म्हणजे फेअरफॅक्सांचंच घराणं. हे लिहिलं तर तुम्हाला झोंबतं. का, ते तुम्हीच जाणे.

बाकीच्या गोष्टींसाठी वेळ थोडा आहे. मृत्युपत्राला एकच ओळ दिली कारण लेख घराबद्दल होता. आता वर पुरेशा ओळी दिल्या आहेत. अॅडम्सचं खरं आहे, त्याने गुलाम ठेवले नाहीत, पण माझा लेख त्याच्यावर नव्हता आणि प्रत्येक लेखात प्रत्येकाची हजेरी घ्यायला मी शाळा चालवत नाही.

पुढचा लेख ठरल्याप्रमाणे रविवारी येईल, तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या सासऱ्यावर. जॉन वेल्स १७७३ साली वारला आणि जावयाच्या वाट्याला ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम माणसं आणि त्यांच्याबरोबर मोठं कर्ज आलं. स्वतःच्या कर्जाची त्यात भरच पडत गेली, जेफरसन जन्मभर त्यातून सुटला नाही. तो गेल्यावर जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलोला, म्हणजे त्याच्या इस्टेटीवर, १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला, त्याची सुरुवातही मी सासऱ्याच्या कागदांपासूनच करणार आहे. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वाचलंत आणि साल चुकलेलं दिसलं तर जरूर कळवा, मी दुरुस्त करीन.