देव म्हणजे विश्वाची आतली बाजू

पोस्ट लांब आहे. पण हे तुकड्यातुकड्यांत लिहिलं तर भलताच अर्थ निघेल, म्हणून एकदाच सगळं मांडतो.

माझं म्हणणं असं की जगात जे काही आहे त्याला दोन बाजू आहेत. बाहेरची बाजू मोजता येते: वजन, लांबी, तापमान, विद्युतभार. आतली बाजू ज्याची त्यालाच कळते. तुमचा मेंदू मी उघडून बघू शकेन, पण तुमची दाढ दुखतेय ते दुखणं मला त्यात सापडणार नाही. मन ही मेंदूची आतली बाजू. आणि देव म्हणजे अख्ख्या विश्वाची आतली बाजू. बाहेर बसून त्यानं हे जग घडवलं असं मी मानत नाही. जग ही माया आहे, खोटं आहे, असंही मानत नाही.

हे मला पोथ्या वाचून सुचलेलं नाही. मी नाशिकमध्ये ऑपरेशन थिएटरला भुलेच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो. माणसाचं मन मावळताना आणि परत उगवताना बघणं हे माझं रोजचं काम आहे.

निफाडकडचे एक बाबा पित्ताशयाच्या ऑपरेशनला आले होते. टेबलावर आडवे झाल्यावरही कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. डॉक्टरांनी शिरेतून प्रोपोफॉल सोडलं, दुधासारखं पांढरं औषध असतं ते. "औंदा लासलगावला..." एवढं बोलले आणि वाक्य तिथंच राहिलं. मी पापणीच्या केसांवरून बोट फिरवलं, पापणी हलली नाही. नाडी चालू, रक्तदाब ठीक. मेंदूच्या लहरींवरून भूल किती खोल आहे ते दाखवणारा आकडा जागेपणी शंभराच्या आसपास असतो, तो पन्नासच्या खाली उतरलेला. ऑपरेशन झालं, भूल उतरली, बाबांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "दादा, सुरू कधी करणार?"

रात्रीच्या झोपेतून उठल्यावर मध्ये वेळ गेल्याचं पुसट का होईना भान असतं. भुलेत तेवढंही नसतं. त्या वेळात मेंदू तिथंच होता, जिवंत होता, पेशींना रक्त मिळत होतं. मग बाबा कुठे होते?

यावर दोन उत्तरं लगेच मिळतात. पहिलं, मन म्हणजे मेंदूतली रसायनं, बाकी काही नाही. दुसरं, आत्मा वेगळा आहे, शरीर हे त्याचं नुसतं घर. मला दोन्ही पटत नाहीत.

आत्मा सर्वस्वी वेगळा असेल तर काही मिलिलिटर औषधानं त्याचं बोलणं अर्ध्या वाक्यात कसं थांबतं? झेनॉन नावाचा वायू आहे. तो इतका अलिप्त की सहसा कुठल्याच पदार्थाशी संयोग करत नाही. तरी त्यानं भूल देता येते, महाग असल्यामुळे तो सर्रास वापरत नाहीत एवढंच. जो वायू कुणाशी धड जोडलाही जात नाही, तो अशरीरी आत्म्याला झोपवतो हे कसं मानायचं? शरीर आणि मन ही दोन निराळी द्रव्यं आहेत असं फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त सांगत होता, तेव्हा बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं 1643 मध्ये त्याला पत्रातून नेमकं हेच विचारलं होतं: ज्याला आकार नाही, जे कशाला टेकू शकत नाही, ते शरीराला हलवणार कसं? देकार्तनं उत्तरं पाठवली, पण तिचं समाधान झालं नाही. माझंही होत नाही.

पण "नुसती रसायनं" म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. इलेक्ट्रॉन म्हणजे काय, हे भौतिकशास्त्र कसं सांगतं? त्याचं वस्तुमान इतकं, भार इतका. भार म्हणजे काय, तर तो दुसऱ्या भाराला ढकलतो किंवा ओढतो. वस्तुमान म्हणजे काय, तर जोर लावल्यावर तो किती अडून बसतो. म्हणजे प्रत्येक गोष्ट दुसरीशी कशी वागते एवढंच विज्ञान सांगतं, आणि ते फार अचूक सांगतं. ती गोष्ट स्वतः आतून काय आहे, हा प्रश्न त्यानं कधी हातातच घेतला नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हे स्वच्छ लिहून ठेवलंय. तेव्हा जडाची आतली बाजू रिकामी आहे असं विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही. आपणच ते गृहीत धरून चाललोय.

आणि सगळ्या विश्वात एकच जागा अशी आहे जिथे जड पदार्थ आतून कसा असतो हे मला थेट माहीत आहे. ती जागा म्हणजे माझा स्वतःचा मेंदू. सुमारे 1.4 किलोचा हा गोळा, त्यात 8600 कोटींच्या आसपास चेतापेशी, आणि त्यातले कार्बन, ऑक्सिजन, फॉस्फरस गंगापूर धरणाच्या पाण्यात आणि माझ्या जेवणाच्या ताटात आहेत तेच. जिथे आत डोकावता आलं, त्या एकमेव ठिकाणी आत अनुभव सापडला. मग बाकी सगळीकडे आत काहीच नाही, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

इथे लोक हसतात आणि विचारतात, म्हणजे दगडालाही मन आहे का? नाही. ब्रह्मगिरीचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो विचार करत नाही, त्याला काही आठवत नाही. मन व्हायला नुसती आतली बाजू पुरत नाही, ती एकत्र बांधली जावी लागते. भुलेत नेमका हा बांध सुटतो. जाग्या माणसाच्या मेंदूला बाहेरून चुंबकीय टिचकी मारली तर तिचे पडसाद दूरवर, गुंतागुंतीचे उमटतात. गाढ भुलेत तीच टिचकी जागच्या जागी विरते. पेशी थोड्याफार चालू असतात, पण एकमेकींशी बोलेनाशा होतात. निफाडच्या बाबांची आतली बाजू नाहीशी झाली नव्हती, विखुरली होती. बांध परत बसला आणि बाबा परत आले.

आता देवाकडे येतो. इथे एक आक्षेप मीच स्वतःवर घेतला. नुसती आपली आकाशगंगा ओलांडायला प्रकाशाला साधारण 1 लाख वर्षं लागतात. मग सगळं विश्व मेंदूसारखं एकत्र बांधलं जाणार कसं? तर तसं ते बांधलेलं नाहीच. म्हणून माझा देव विचार करत नाही, ठरवत नाही, रागावत नाही, नवस ऐकून रांगेतल्या एकाला पास आणि दुसऱ्याला नापास करत नाही. योजना आखणारं मन म्हणजे देव नव्हे. ज्याच्यामुळे कुठलंही मन शक्य होतं ते निव्वळ असणं आणि जाणणं म्हणजे देव.

हे मी पहिल्यांदा सांगतोय असा माझा दावा अजिबात नाही. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचं खंडन केलंय आणि दिसणाऱ्या जगाला भ्रम न म्हणता चैतन्याचाच विलास म्हटलंय. त्यांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी इथे त्र्यंबकेश्वरला आहे. पौष वद्य एकादशीला लाखो वारकरी तिथे येतात, आणि त्यातल्या किती जणांपर्यंत हा विचार पोचलाय याची मला खरोखर तळमळ आहे. जग खोटं नाही, जगच त्याचं रूप आहे, एवढं जरी कुणी नीट सांगितलं तरी गोदावरीत निर्माल्याच्या पिशव्या टाकायला हात धजावणार नाही.

आणि नाशिकचं काळाराम मंदिर. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, पुढे दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, आणि दार बंदच राहिलं. दाराबाहेर उभ्या माणसाच्या आत जे जाणतंय तेच जर देव असेल, तर त्या दिवशी लोकांनी देवाला बाहेर ठेवून आत दगडाची राखण केली. हे मी राजकारण म्हणून लिहीत नाही. माझा सिद्धांत खरा असेल तर याहून वेगळा निष्कर्ष निघतच नाही.

आमच्या शेजारचे माळकरी काका हे सगळं ऐकून म्हणाले, "अरे, मग नाम कुणाचं घ्यायचं? ऐकायला कुणी आहे का नाही?" मी म्हटलं, "काका, घेणाऱ्याच्या आत जो आहे तोच ऐकतो. निरोप पोचवायला लांब जायलाच लागत नाही." काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि दुःख? ते पण त्याचंच का?"

होय, असंच म्हणावं लागतं. वॉर्डात रात्री विव्हळणाऱ्या पेशंटचं दुखणं देव वरून बघत नसतो, ते दुखणं त्याच्या आतच घडत असतं. तो दुःख थांबवत का नाही, हा प्रश्न त्यामुळे माझ्यापुरता बदलला. थांबवायला त्याला हात आहेत ते आपलेच, आणि आमच्या थिएटरमध्ये ते हात सकाळी आठला कामाला लागतात.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. कणाकणाच्या आतल्या बाजू जुळून एकच 'मी' कसा तयार होतो? दोन माणसं एका खोलीत बसली तर त्यांचं मिळून तिसरं मन होत नाही, मग 8600 कोटी पेशींचं कसं होतं? "बांधणी" म्हणून मी वेळ मारून नेतोय असं कुणाला वाटलं तर ते रास्त आहे. मेंदूशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा वेदान्त शिकलेल्यांनी यावर जरूर लिहावं. बाकी वाद नंतर घालू, मला आधी या एका जागेवर बोलायचंय.