हेलिकॉप्टर शिकताना अपघात नेमका कुठे होतो

२ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी बावधनजवळ धुक्यात हेलिकॉप्टर कोसळलं आणि तिघे गेले. तेव्हापासून पुण्यात कुणाच्या मुलाने हेलिकॉप्टर पायलट व्हायचं म्हटलं की घरचे आधी हवामानाचंच विचारतात. काळजी रास्त आहे. पण शिकाऊ उड्डाणातले बरेच अपघात लख्ख उन्हात, जमिनीपासून शंभर फुटांच्या आत होतात, आणि तेही इंजिन ठणठणीत असताना.

ऑटोरोटेशनचंच घ्या. इंजिन बंद पडल्याचा हा सराव. थ्रॉटल (इंजिनची ताकद) आयडलला म्हणजे किमान, कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) पूर्ण खाली, नाक सरळ ठेवायला उजवं पेडल, वेग ६५ नॉटच्या आसपास. खालून येणारी हवा रोटर फिरता ठेवते. साधारण ४० फुटांवर फ्लेअर (नाक वर करून वेग मारणं), मग थ्रॉटल परत देऊन हॉवर (जागीच तरंगणं). घात होतो तो या शेवटच्या टप्प्यात. जमीन अंगावर आली की विद्यार्थी आधी कलेक्टिव्ह ओढतो, थ्रॉटल मागून देतो, कधी घाईत उलटाच फिरवतो. रोटरचा आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, घसरतो. शिकण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या रॉबिन्सन आर-२२ ची पाती हलकी, त्यामुळे त्यांच्यातला जोर बघता बघता संपतो. आरपीएम ९७ टक्क्यांवर आला की इशाऱ्याचा हॉर्न वाजतो. ८० टक्के अधिक समुद्रसपाटीपासून दर हजार फूट उंचीला एक टक्का, या हिशोबाच्या खाली गेलात की पाती स्टॉल होतात, म्हणजे उचलण्याची ताकद गमावतात, आणि मग कलेक्टिव्ह कितीही ओढा, उपयोग शून्य.

आता हाच हिशोब पुण्याला लावा. लोहगावची उंची १९४२ फूट. एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर गेला की हवा इतकी विरळ होते की मशीनच्या दृष्टीने आपण ५,४०० फुटांवर असतो. म्हणजे स्टॉलची रेषा ८५ टक्क्यांवर आली. त्यात आर-२२ चं कमाल वजन १३७० पौंड, सुमारे ६२१ किलो. दोन भरदार माणसं बसली की पेट्रोल कमी भरावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी ऑटोरोटेशनचा सराव घेणं मला अजिबात पटत नाही. सकाळी लवकर उरका.

रॉबिन्सन कंपनीचीच सूचना आहे: १०० फुटांवर आरपीएम हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर, वेग ६० ते ७० नॉटमध्ये स्थिर, उतरण्याचा दर मिनिटाला १५०० फुटांच्या आत, वळण पूर्ण. यातलं एक जरी नसेल तर पॉवर द्या आणि पुन्हा फेरी मारा. पण ‘करेल तो बरोबर’ म्हणत इन्स्ट्रक्टर दोन सेकंद जास्त थांबतो. शिवाय आर-२२ मध्ये सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे आणि बाजूला झुकवणारी काठी) एकच, मधोमध, वर झुलणारा आडवा दांडा असलेली. विद्यार्थ्याने आपली मूठ मांडीवर टेकवली की इन्स्ट्रक्टरची मूठ वर जाते. हात अधांतरी धरूनच त्याला तयार राहावं लागतं. न सांगता अचानक थ्रॉटल काढून ‘परीक्षा’ घेणारे इन्स्ट्रक्टर तर थेट टाळावेत.

दुसरी जागा हॉवर. बाजूला सरकताना एक स्किड (चाकांऐवजी असलेली खालची नळी) गवतात किंवा मातीत अडकते आणि हेलिकॉप्टर तिच्याभोवती कलंडू लागतं. कलंडणं पाच ते आठ अंशांपलीकडे गेलं की सायक्लिकने सावरत नाही. इथे हात आपोआप कलेक्टिव्ह वर ओढतो, आणि त्यानेच ते पालथं पडतं. कलेक्टिव्ह खाली घ्यायचा, पण आपटायचा नाही. उजवी स्किड अडकली तर जास्त वाईट, कारण या मशीनची ओढ मुळातच उजवीकडे.

सायक्लिक झटक्यात पुढे ढकलून पोटात गोळा आणणारा लो-जी प्रकार आर-२२ मध्ये मुद्दाम करायला बंदीच आहे. रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग) मास्टवर, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर, आपटून मास्ट तुटू शकतो. अमेरिकेने १९९५ मध्ये आर-२२ आणि त्याच कंपनीच्या आर-४४ साठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते याच आणि कमी आरपीएमच्या अपघातांमुळे.

प्रवेश घेताना, जमत नसलेलं ऑटोरोटेशन किती फुटांवर सोडून पॉवर देता, दुपारी किती तापमानापर्यंत उडवता आणि त्या दिवशीचं वजनाचं गणित कागदावर मांडता का, एवढं विचारा. उत्तर आकड्यांत मिळालं पाहिजे.