बसतंय म्हणून चालतंय असं नसतं

"बसतंय न्हवं काका? मग चालतंय की!"

हे वाक्य यापुढं कुठल्या गॅरेजवाल्यानं माझ्या गाडीच्या स्पार्क प्लगबद्दल म्हटलं तर मी तिथंच चावी काढून घेऊन घरी येणार आहे. परवा रात्री साडेनऊ वाजता तवंदी घाटात, बॉनेट उघडून, मोबाईलची बॅटरी दातांत धरून मी हेच ठरवलं.

बेळगावहून निपाणीला निघालो होतो, मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. जाताना गाडीनं तक्रार केली नाही. संकेश्वरपुढं थोडी ओढ कमी वाटली, पण म्हटलं चार माणसं आहेत, सामान आहे. परत येताना निपाणी सोडली, चढ लागला आणि गाडीनं गचके द्यायला सुरुवात केली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की फट्-फट्, सोडला की बरी. मागून उसाचे ट्रक हॉर्न मारत अंगावर येतायत, मागच्या सीटवर ऐंशीची आई रामरक्षा म्हणतेय. शेवटी कडेला घेतली आणि इंजिन गार व्हायची वाट बघत अर्धा तास उभा राहिलो, कारण तापल्या हेडातून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातून, पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारा प्लग काढायचा नसतो. ही एक गोष्ट आमच्या अर्ध्या गॅरेजवाल्यांना माहीत नाही, त्यावर पुढं येतो.

तीन सिलिंडरचे तीन प्लग काढले. दोन एका नंबरचे, तिसरा वेगळा. एकाच इंजिनात! आदल्या दिवशीच सर्व्हिसिंगला दिली होती, "तिन्ही प्लग नवे, पुस्तकात आहे तोच नंबर" असं तीनदा सांगून. तिसरा प्लग टॉर्चखाली धरला. नंबरच्या शेवटी आडवी रेघ आणि ११. म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप, ठिणगी जिथून उडते ती टोकाची फट. माझी १९९८ची मारुती ८००, पेट्रोल-हवा मिसळायला जुना कार्ब्युरेटर, आणि तिन्ही प्लगना वीज वाटायला एक डिस्ट्रिब्युटर आणि एकच कॉइल. तिला ०.७ ते ०.८ लागते. एवढ्या रुंद फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर कसंबसं जमतं, पण चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी उडतच नाही. आत जाळलं न गेलेलं पेट्रोल, प्लगचं टोक ओलं आणि काळं. बोटाला काजळी लागली ती अजून नखात आहे.

नशीब की मी जुने प्लग नेहमी मागून घेतो. त्यातला बरा एक डॅशबोर्डच्या खणात होता. तो लावला, आणि वीस हजार किलोमीटर चाललेल्या त्या जुन्या प्लगवर गाडी तवंदी चढली, पुढं वंटमुरीही चढली. नव्यावर चढली नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो. माझा नेहमीचा माणूस गावी गेला होता म्हणून नाइलाजानं दुसऱ्याकडं दिली होती. त्याला दोन्ही प्लग हातात दिले. "काका, दुकानात दोनच होते, तिसरा ह्यो मिळाला. आटे तेच, लांबी तीच. बसतंय न्हवं?" अरे बाबा, १४ मिलिमीटरचे आटे निम्म्या जगातल्या प्लगना असतात! आटे जुळले म्हणजे प्लग जुळला का? लांबी, उष्णता किती लवकर बाहेर टाकतो तो उष्णता-क्रमांक, गॅप, आत रेझिस्टर आहे की नाही, हे सगळं त्या पांढऱ्या चिनी मातीवर छापलंय. ते वाचायला कन्नड लागत नाही, मराठी लागत नाही. नुसते डोळे लागतात. आणि तिसरा नव्हता तर मला फोन करायचा होता. मी एक दिवस थांबलो असतो. फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पट्ट्या, आहेत का विचारलं, तर नाही म्हणाला. प्लग बदलणाऱ्या माणसाकडं फिलर गेज नाही!

आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. गेल्या पावसाळ्यात एका दुकानदारानं "एनजीकेचा पाच नाही, बॉशचा पाच घ्या, पाच म्हणजे पाच" म्हणून माझ्या हातात डबी ठेवली. हा उष्णता-क्रमांक. एनजीके कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, बॉश कंपनीत आकडा वाढला की गरम. उलटं आहे. म्हणजे बॉशचा पाच माझ्या गाडीला फारच थंड, काजळी जळूनच जात नाही. काउंटरवर बसून आयुष्यभर प्लग विकणाऱ्याला मी हे समजावत होतो आणि तो "सगळे नेतात की" म्हणत होता. सगळे नेतात, आणि मग सगळ्यांचे प्लग महिन्यात काळे पडतात, आणि मग सगळे कार्ब्युरेटरला शिव्या देतात.

त्याच्या आधीच्या वर्षी तापल्या इंजिनात प्लग-पान्याला पाइप लावून पिळणारा एक महाभाग भेटला. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी. हातानं शेवटपर्यंत बसवायचा, वॉशर टेकला की नव्या प्लगला अर्धा फेरा, बास. यानं असा आवळला की पुढच्या वेळी प्लगबरोबर आटेही बाहेर आले, चकचकीत स्प्रिंगसारखे. मग हेड उतरवा, उद्यमबागेतल्या कारखान्यात न्या, नवीन आटे बसवून घ्या. दोन दिवस गाडी उभी. तिथल्या कारागिरानं मात्र काम असं केलं की आजही बोट फिरवलं तर सांधा कळत नाही. कामाची माणसं आहेत आमच्या बेळगावात, म्हणून तर या बाकीच्यांचा राग जास्त येतो. आणि जुना प्लग तारेच्या ब्रशनं घासून "साफ केला" म्हणून परत देणारे? ब्रशचा धातू चिनी मातीवर बसतो आणि करंट टोकाशी न जाता तिथूनच गळतो.

वर सल्ले. "इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग टाका काका, लाख किलोमीटर बघायला नको." बघायला नको? मला बघायचंय! प्लग काढून टोकाचा रंग बघितला की इंजिनाच्या पोटातलं कळतं. फिकट तपकिरी असला तर ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेले, पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. वडील दर दिवाळीला प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचे आणि मला विचारायचे, कुठला सिलिंडर बिघडलाय सांग. त्यांच्या तोंडी प्लग म्हणजे मायको कंपनीचाच असायचा. हल्ली माझे प्लग जरा जास्तच पांढरे दिसतात, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. चिक्कोडी-हुक्केरीत ऊस पिकतो हे मलाही कळतं, पण माझ्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, साध्या पेट्रोलसाठी पाडलेत, त्यांना कोण सांगणार? रबरी पाइप दोनदा बदलून झाले.

मग नातेवाईक येतात, "काढून टाक की ती गाडी." का काढू? पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी आरटीओत उभा राहतो, २०२२ साली नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० केली तीही भरली. कोल्हापुरात बेळगावचं केए-२२ पासिंग बघून अडवतात तेव्हा सगळी कागदं काढून दाखवतो. गाडीचा काही दोष नाही. शहापुरातून आईला दवाखान्यात तीच नेते, भल्या पहाटे, पहिल्या सेल्फला. तिला वर्ष-दीड वर्षात तीन प्लग हवेत. योग्य नंबरचे, सारखे, गॅप मोजलेले. तिन्ही मिळून पेट्रोलच्या दहा लिटरएवढेही पैसे होत नाहीत.

कालच फिलर गेज विकत आणलं. पुस्तकातलं प्लगचं पान झेरॉक्स करून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, नंबरवर लाल पेनानं गोल करून. तीन प्लगांसाठी सकाळपासून पाच दुकानं फिरलो. चौथ्यात "इल्ल री", म्हणजे नाही हो, ऐकलं, पाचव्यात दोन मिळाले. तिसरा सोमवारी येणार आहे. सोमवारपर्यंत गाडी हलणार नाही.